क्रेडिट स्कोअर पडलाय, नोकरी दुसऱ्या स्टेटमध्ये लागलीय, आता अपार्टमेंट कसं मिळवायचं

अमेरिकेतल्या आपल्या लोकांमध्ये हल्ली हे सारखं ऐकू येतं. लेऑफ झाला, एच-वनबी व्हिसावर दुसरी नोकरी शोधायला मिळणारे ६० दिवस डोक्यावर, भाडं-गाडीचा हप्ता-किराणा सगळं कार्डावर ढकललं, एखाददुसरं पेमेंट ३० दिवस लेट झालं, आणि मग एकदाची नोकरी लागली, पण न्यू जर्सीत नाही, डॅलसला. ऑफर लेटर हातात, तीन आठवड्यांत जॉइन व्हायचंय, आणि जो स्कोअर ७६० असायचा तो आता ५९०. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बसून डॅलसजवळच्या फ्रिस्कोच्या अपार्टमेंटला ऑनलाइन अर्ज टाकला की फी कापली जाते आणि दुसऱ्या दिवशी सॉरीचा ईमेल येतो. मग घाबरून अजून चार ठिकाणी अर्ज, नवराबायको दोघांची वेगवेगळी फी, आणि पाचशे डॉलर नुसते हवेत.

हे टाळता येतं. माझं एकच म्हणणं आहे आणि खाली सगळं त्याच्याभोवतीच आहे: फी भरायच्या आधी विचारा. तुमचा स्कोअर काय आहे, कशामुळे पडला, त्यांच्याकडे तो चालतो का, नसेल चालत तर काय दिलं म्हणजे चालेल, हे सगळं अर्जाच्या आधी बोलून घ्यायचं. आपल्याकडे लोक लाजतात, वाटतं आधी अर्ज तर टाकू, कळलं तर बघू. ताकाला जाऊन भांडं लपवायचं हे काम आहे, कारण रिपोर्ट तर ते काढणारच आहेत.

पहिले स्वतःचा रिपोर्ट बघा, स्कोअर नाही

बँकेच्या ॲपमध्ये दिसतो तो आकडा बघून घाबरू नका आणि खूशही होऊ नका. ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम ही अधिकृत साइट आहे, तिथे इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे, म्हणजे आपल्या उधारीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांचे, रिपोर्ट आता दर आठवड्याला फुकट मिळतात, कार्ड नंबर वगैरे काही मागत नाहीत. तिन्ही काढा, कारण एका ब्युरोवर असलेली घाण दुसऱ्यावर असेलच असं नाही, आणि अपार्टमेंटवाला कुठला बघणार हे तुम्हाला आधी माहीत नसतं.

रिपोर्टमध्ये काय शोधायचं? घर भाड्याने देणाऱ्याच्या नजरेने बघा. कार्डांवर भरपूर बॅलन्स आहे, ठीक आहे, तेवढं चालून जातं. एक-दोन लेट पेमेंट, तेही बऱ्याच ठिकाणी चालतं. पण आधीच्या अपार्टमेंटची थकबाकी कलेक्शनला, म्हणजे वसुली करणाऱ्या कंपनीकडे, गेलेली असेल, लीझ तोडून निघालात आणि त्यांनी पैसे लावले असतील, किंवा इव्हिक्शनची, म्हणजे घर खाली करून घेण्याची, केस कोर्टात दाखल झाली असेल, तर ते मात्र जड जातं. स्कोअर ६८० असूनही जुन्या अपार्टमेंटचे ९०० डॉलर थकले म्हणून नाकारतात आणि स्कोअर ६०० असून भाडं कधी चुकलं नाही म्हणून घेतात, हे खरंच होतं. म्हणून पैसे थोडेच असतील तर आधी घरभाड्याची थकबाकी भरा, बाकीची कलेक्शन नंतर, आणि बॅलन्स शून्य झाल्याचं पत्र त्यांच्याकडून लेखी घ्या. रिपोर्ट अपडेट व्हायला वेळ लागतो पण पत्र त्याच दिवशी दाखवता येतं.

आपल्या लोकांच्या बाबतीत अजून एक प्रकार असतो. मध्ये वर्षभर भारतात परत गेले होते, जाताना इंटरनेटचं शेवटचं बिल, विजेचं शेवटचं बिल नाहीतर टोलचं बिल जुन्या पत्त्यावर येत राहिलं, कोणी बघितलं नाही, ते कलेक्शनला गेलं. रक्कम ७० डॉलर आणि स्कोअरची वाट. ही असली बिलं बघितल्याबरोबर मिटवून टाका. दवाखान्याचं असेल तर बघा की ते रिपोर्टवर असायला तरी हवं का, कारण भरून टाकलेली मेडिकल कलेक्शन तिन्ही ब्युरोंनी २०२२ मध्येच काढून टाकली आणि २०२३ पासून ५०० डॉलरच्या खालची पण काढली. चुकीची नोंद असेल तर डिस्प्यूट टाका, त्यांना साधारण ३० दिवसांत तपासावं लागतं. तुमच्याकडे तीस दिवस नसतील कदाचित, तरी टाका, कारण डिस्प्यूट टाकल्याची कॉपी लीझिंग ऑफिसला दाखवता येते.

घाईत एक काम मात्र होण्यासारखं आहे. कार्डाचं स्टेटमेंट ज्या तारखेला बंद होतं त्या दिवशीचा बॅलन्स बहुतेक बँका ब्युरोला पाठवतात. ड्यू डेटची वाट न बघता स्टेटमेंटच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी जमेल तेवढं भरलं की पुढच्या रिपोर्टमध्ये युटिलायझेशन, म्हणजे कार्डाच्या मर्यादेपैकी किती वापरलंय ते, खाली आलेलं दिसतं. कार्डं गळ्यापर्यंत भरलेली असतील तर स्कोअर चांगला उचलतो. अर्थात डिपॉझिटला लागणारे पैसे यात घालून रिकामे होऊ नका, हातात कॅश असणं या सगळ्या खेळात स्कोअरपेक्षा जास्त कामाला येतं.

आणि हो, क्रेडिट फ्रीझ केलेलं, म्हणजे दुसऱ्यांना तुमचा रिपोर्ट काढता येऊ नये म्हणून बंद केलेलं, आहे का बघा. डेटा चोरीच्या बातम्या आल्या की आपण तिन्हीकडे फ्रीझ टाकतो आणि विसरतो. फ्रीझ असेल तर त्यांचं स्क्रीनिंग अडकतं आणि कधीकधी सिस्टिम सरळ नकार देते. टाकणं-काढणं २०१८ पासून फुकट आहे, अर्जाच्या आठवड्यापुरतं उघडून ठेवा.

कोण भाड्याने देतंय त्यावर सगळं आहे

मोठी कॉम्प्लेक्स, म्हणजे तीनशे-चारशे युनिट, पूल-जिम, समोर लीझिंग ऑफिस, तिथे बसलेल्या मुलीला तुमचा स्कोअर बहुतेक वेळा दिसतच नाही. ती माहिती सॉफ्टवेअरमध्ये टाकते आणि सॉफ्टवेअर तीनपैकी एक उत्तर देतं: मंजूर, अटींवर मंजूर, नामंजूर. तुमचं लक्ष मधल्या उत्तरावर पाहिजे. अटींवर मंजूर म्हणजे जास्त डिपॉझिट द्या, किंवा गॅरंटर, म्हणजे भाड्याची हमी घेणारा माणूस, आणा, किंवा एक जादा फी भरा जी परत मिळत नाही. बऱ्याच कॉम्प्लेक्समध्ये मेडिकल कर्ज आणि स्टुडंट लोन हिशोबात धरतच नाहीत, हे पण विचारून घ्या.

तर फोन करायचा आणि सरळ म्हणायचं: माझी नवीन नोकरी आहे, पगार भाड्याच्या चौपट आहे, भाड्याचा रेकॉर्ड स्वच्छ आहे, लेऑफच्या काळात कार्डं वाढली म्हणून स्कोअर सहाशेच्या आसपास आहे, तुमच्याकडे अटींवर मंजुरी कुठल्या परिस्थितीत मिळते आणि त्यात डिपॉझिट किती लागतं? मला तुमचे निकष लेखी पाठवा. टेक्सासमध्ये तर हे मागायला संकोच करायचं काही कारणच नाही, तिथल्या प्रॉपर्टी कोडप्रमाणे अर्ज देताना निवडीचे निकष लेखी द्यावेच लागतात, आणि न देता नाकारलं तर अर्जाची फी परत करावी लागते. तो कागद वाचा. त्यात बऱ्याचदा उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं, इव्हिक्शन इतक्या वर्षांत नको, घरमालकाची थकबाकी नको असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तिप्पट म्हणजे १६०० भाडं असेल तर महिन्याला ४८०० टॅक्सच्या आधीचे. त्यात बसत नसाल तर तिथे फी घालवू नका, पुढे चला.

नवीन बांधलेली, अजून अर्धी रिकामी असलेली बिल्डिंग शोधा. त्यांना युनिट भरायची घाई असते, सहा आठवडे फ्री वगैरे बोर्ड लागलेले असतात, निकषही थोडे सैल असतात. थंडीत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अजून बरं. जूनमध्ये शाळा सुटल्यावर सगळं गाव घर शोधत असतं तेव्हा तुमच्या ५९० कडे कोण बघणार. बघायला गेलात आणि एक-दोन दिवसांत अर्ज केला तर फी माफ अशी स्कीम पण कित्येक ठिकाणी असते, विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मोठ्या कंपनीत लागला असाल तर तुमच्या कंपनीच्या लोकांना फी माफ आहे का हेही विचारा, बऱ्याच कॉम्प्लेक्सचं मोठ्या एम्प्लॉयरशी असं काहीतरी असतं.

टेक्सासला जाणार असाल तर अपार्टमेंट लोकेटर ही जमात माहिती असू द्या. रिअल इस्टेटचं लायसन्स असलेला माणूस, तुमच्याकडून पैसे घेत नाही, कॉम्प्लेक्स त्याला कमिशन देतं. कुठलं कॉम्प्लेक्स किती स्कोअरला चालवून घेतं, लीझ तुटलेली असेल तर कोण घेतं, हे त्याला पाठ असतं, कारण त्याचं पोटच त्यावर आहे. तुम्ही खोटं सांगितलंत तर त्याचा वेळ जातो आणि तो तुमचा फोन उचलायचा बंद होतो, म्हणून त्याला सगळं खरं सांगा. मी तर म्हणेन डॅलस, ऑस्टिन, ह्युस्टनला जाणाऱ्या आणि स्कोअर पडलेल्या माणसाने पहिला फोन लोकेटरलाच करावा. एकच गोष्ट, तो कमिशन देणाऱ्याच जागा दाखवणार, त्यामुळे खासगी मालकाची घरं त्याच्या यादीत फारशी नसतात.

आणि खासगी मालक हा तुमच्यासाठी खरा दरवाजा आहे. एखाद्याचं एक टाऊनहाऊस, एखाद्याचा कॉन्डो, स्वतः कॅलिफोर्नियात राहतो आणि घर प्लेनोत भाड्याने दिलंय, असे लोक माणूस बघून ठरवतात. फ्रिस्को, अर्व्हिंग, नेपरविल, अल्फारेटा, कॅरी, एडिसन कुठेही जा, देशी मालक भरपूर आहेत, आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घराची जाहिरात पडतेच. ग्रुपवर ओळखीचा कोणी नसेल तर आताच्या गावातल्या मंडळातल्या कोणाला तरी विचारा, तिकडचं कोणी ना कोणी निघतंच. झिलोवर अर्ज करत असाल तर तिथे एकदा फी भरली की ३० दिवस अनेक घरांना तोच अर्ज पाठवता येतो, जे मालक तो घेतात त्यांच्यापुरतं, म्हणजे दर घराला वेगळी फी नाही.

मालकाला काय पाठवायचं? एक पान. कोण आहात, कुठे नोकरी लागली, कधीपासून, पगार किती, घरात कोण कोण, आणि मग दोन ओळीत स्कोअरबद्दल: अमुक महिन्यात लेऑफ झाला, तमुक महिने नोकरी नव्हती, भाडं एकदाही चुकवलं नाही, कार्डांचं कर्ज इतकं आहे आणि ते दरमहा असं फेडतोय. बस. तीन पानी रडगाणं नको, आईचं आजारपण नको, मॅनेजरने कसा दगा दिला ते नको. सोबत जोडायचं: सही केलेलं ऑफर लेटर जॉइनिंगच्या तारखेसकट, आत्ताच्या अपार्टमेंटचा भाड्याचा लेजर म्हणजे कुठल्या महिन्याचं भाडं कधी आलं तो हिशोब, बँकेचं स्टेटमेंट ज्यात तीन-चार महिन्यांच्या भाड्याइतके पैसे शिल्लक दिसतायत, आत्ताच्या घरमालकाचं पत्र, आणि लागलं तर आय-७९७, म्हणजे एच-वनबी मंजुरीचा कागद. लेजर फार महत्त्वाचा. लीझिंग ऑफिसच्या पोर्टलवरून डाऊनलोड होतो किंवा मागितला की देतात, आणि बारा महिने वेळेवर भाडं आलेलं बघितलं की मालकाची निम्मी काळजी मिटते, त्याला तुमच्या कार्डाच्या बॅलन्सशी काय करायचंय.

जास्त डिपॉझिट देतो म्हणण्याआधी तिथला कायदा बघा

आपला पहिला विचार असतो की स्कोअर कमी आहे ना, घ्या दोन महिन्यांचं जास्त डिपॉझिट. पण हे सगळीकडे चालत नाही. न्यू यॉर्कमध्ये २०१९ च्या कायद्यानंतर एक महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही, आणि सहा महिन्यांचं भाडं ॲडव्हान्स देतो म्हणालात तरी मालकाला ते घेता येत नाही. न्यू जर्सीत दीड महिना. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून एक महिना, फक्त अगदी छोट्या मालकांना दोन महिन्यांची सूट. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिला महिना, शेवटचा महिना, एक महिना डिपॉझिट आणि कुलपाचा खर्च, त्यापुढे काही नाही. जॉर्जियात २०२४ पासून दोन महिने, नॉर्थ कॅरोलिनात वर्षाच्या लीझला दोन महिने. टेक्सासमध्ये मर्यादाच नाही. म्हणजे गंमत अशी की जिथे भाडेकरूचं संरक्षण जास्त तिथे स्कोअर पडलेल्या माणसाला पैसे टाकून सुटायचा रस्ता बंद, आणि मालक सरळ गॅरंटर मागतो.

न्यू यॉर्क शहरात तर उत्पन्नाचा नियमच वेगळा. वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट पाहिजे, म्हणजे ३००० भाड्याला १,२०,००० पगार, आणि गॅरंटर असेल तर त्याचं ऐंशीपट. हा कायदा नाही, मालकांचा रिवाज आहे, पण मोडणारे कमीच. अर्जाची आणि बॅकग्राऊंड चेकची फी मात्र तिथे २० डॉलरच्या वर घेता येत नाही, आणि गेल्या ३० दिवसांतला स्वतःचा रिपोर्ट तुम्ही दिलात तर तीही नाही. ब्रोकरची फी जून २०२५ पासून ज्याने ब्रोकर लावला त्याने भरायची, त्यामुळे मालकाच्या ब्रोकरने तुमच्याकडे मागितली तर भरू नका.

गॅरंटर म्हणून नातेवाईक मिळतो का? भारतातले आईवडील चालत नाहीत सहसा, अमेरिकेतलं उत्पन्न आणि क्रेडिट लागतं. इथला मावसभाऊ, मेहुणा असेल तर त्याला नीट सांगा की तू सही केलीस म्हणजे मी भाडं थकवलं तर ते तुझ्या अंगावर येणार, तुझ्या क्रेडिटवर येणार. हे न सांगता सह्या घेऊन पुढे नाती तुटलेली बघितली आहेत. त्यापेक्षा गॅरंटर कंपन्या असतात, द गॅरंटर्स, लीप वगैरे, त्यांना एकदा फी भरायची, ती तुमच्या क्रेडिटवर अवलंबून साधारण एका महिन्याच्या भाड्याच्या आसपास जाते, आणि परत मिळत नाही. महाग आहे, पण न्यू यॉर्क-जर्सी सिटीत कित्येकदा तोच रस्ता उरतो. फी भरायच्या आधी बिल्डिंग कुठली कंपनी स्वीकारते ते विचारा, सगळ्या सगळीकडे चालत नाहीत.

डिपॉझिटच्या ऐवजी महिन्याला थोडे पैसे घेणारे इन्शुरन्ससारखे प्लॅन पण आता लीझिंग ऑफिसवाले पुढे करतात. स्वस्त वाटतात, पण ते पैसे परत येत नाहीत आणि घराचं नुकसान झालं तर कंपनी मालकाला भरून देते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. हातात पैसे असतील तर खरं डिपॉझिट द्या, ते निदान परत तरी मिळतं.

कंपनीकडून काय मागायचं

एचआरला स्कोअरची गोष्ट सांगायची काही गरज नाही, पण ३० दिवसांचं कॉर्पोरेट हाऊसिंग मिळतं का हे जरूर विचारा. नवीन गावात डोक्यावर छप्पर असताना घर शोधणं आणि लांबून घाबरत शोधणं यात फार फरक आहे, आणि महिनाभरात पहिली पे-स्टब, म्हणजे पगाराची पावती, हातात येते, ऑफर लेटरपेक्षा ती भारी पडते. ते नसेल तर एक्स्टेंडेड स्टे हॉटेलमध्ये दोन-तीन आठवडे काढा, खर्च होतो पण घाईत चुकीच्या घराची वर्षाची लीझ घेण्यापेक्षा परवडतं. रिलोकेशनचे पैसे रोख देणार असतील तर लक्षात ठेवा की २०१८ पासून ते पगारासारखे टॅक्सेबल आहेत, १०,००० म्हणाले तर हातात बरेच कमी येतात, म्हणून टॅक्स कंपनी भरणार आहे का ते ऑफरवर सही करायच्या आधी विचारा. डिपॉझिटचा हिशोब त्या आकड्यावर करायचा असतो.

कोणाच्या तरी घरात एक खोली घेऊन पहिले सहा महिने काढणं हाही बिलकुल वाईट पर्याय नाही, विशेषतः एकटे असाल तर. पण ती खोली देणारा स्वतः भाडेकरू असेल तर त्याच्या लीझमध्ये दुसऱ्याला ठेवायची परवानगी आहे का ते बघा. नाहीतर एक दिवस ऑफिसवाले दार वाजवतात आणि तुमच्याकडे कागद काहीच नसतो.

नुकतेच भारतातून आलेले असाल तर

तुमचं क्रेडिट खराब नाही, तुमचं क्रेडिटच नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बऱ्याच कॉम्प्लेक्समध्ये रेकॉर्ड नसलेल्याला खराब रेकॉर्डवाल्यापेक्षा बरं वागवतात. एसएसएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर, यायच्या आधी सुद्धा पासपोर्ट, व्हिसा, आय-७९७, ऑफर लेटर यावर अर्ज घेणारी कॉम्प्लेक्स देशी वस्तीच्या गावांमध्ये सापडतात, डिपॉझिट जास्त मागतात एवढंच. ऑनलाइन फॉर्म एसएसएनशिवाय पुढे जात नसेल तर सोडून देऊ नका, फोन करा, त्यांच्याकडे वेगळा कागदी मार्ग असतो. भारतातला सिबिलचा रेकॉर्ड चांगला असेल तर तो नोव्हा क्रेडिटमार्फत इकडे दाखवता येतो, अमेरिकन एक्सप्रेस कार्डासाठी तो धरते, म्हणजे कार्डाची सुरुवात तरी लवकर होते. भारतात क्रेडिट कार्ड बुडवून आला असाल तर मात्र हा विषय काढू नका, इकडे कोणी आपणहून बघत नाही.

या वाटेला जाऊ नका

स्कोअर पडलेला माणूस घाईत असतो आणि हे ठगांना बरोबर कळतं. सीपीएन नावाचा नऊ आकडी नंबर विकणारे लोक सोशल मीडियावर सापडतील, म्हणतील एसएसएनच्या जागी हा टाका, क्रेडिट एकदम स्वच्छ दिसेल. तो नंबर कायदेशीर नाही, कित्येकदा तो कोणाचा तरी, लहान मुलाचा पण, खरा एसएसएन असतो, आणि तो अर्जात टाकणं हा फेडरल गुन्हा होऊ शकतो. व्हिसावर असलेल्या माणसाने तर त्याच्या आसपासही फिरू नये. पे-स्टब एडिट करून पगार वाढवणं हे पण त्यातलंच, लीझिंग ऑफिसवाले हल्ली कागद सॉफ्टवेअरने तपासतात. क्रेडिट रिपेअरवाले काम करायच्या आधी पैसे मागत असतील तर तेच बेकायदेशीर आहे, आणि ते जे करतात ते डिस्प्यूटचं काम तुम्ही घरी बसून फुकट करू शकता.

घराची फसवणूक तर नेहमीची. फेसबुक मार्केटप्लेसवर सुंदर घर, भाडं बाजारापेक्षा चार-पाचशे कमी, क्रेडिट चेक नाही, मालक परदेशात आहे, झेल (Zelle) या पैसे पाठवायच्या ॲपने डिपॉझिट पाठवा म्हणजे किल्ली कुरियर करतो. क्रेडिट चेक नाही हे वाचून आपल्याला हायसं वाटतं आणि तिथेच सापडतो. काउंटीच्या साइटवर घराच्या मालकाचं नाव दिसतं, टेक्सासमध्ये अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या साइटवर पत्ता टाकला की लगेच कळतं, ते नाव आणि तुमच्याशी बोलणाऱ्याचं नाव जुळतंय का बघा. घर आतून स्वतः किंवा तिथल्या ओळखीच्या कोणाकडून बघून घेतल्याशिवाय एक डॉलर पाठवू नका. व्हिडिओ कॉलवर घर दाखवतो म्हणाला तर बाहेरून गेटपासून दाखवायला सांगा, घर नंबर दिसला पाहिजे.

खरा मालक असला तरी सहा महिन्यांचं भाडं एकदम देताना जपून. टेक्सासमध्ये ते चालतं आणि मालक खूश पण होतो, पण मध्येच त्याचं घर बँकेने जप्त केलं किंवा त्याने विकलं तर तुमचे पैसे अडकतात. द्यायचेच असतील तर दोन महिन्यांचे द्या आणि कुठल्या महिन्यांचं भाडं भरलंय ते लीझमध्ये लिहून घ्या.

नकार आला तर

नुसतं सॉरी म्हणून चालत नाही. क्रेडिट रिपोर्टमुळे नाकारलं असेल तर फेडरल कायद्याने तुम्हाला नोटीस द्यावी लागते, त्यात कुठल्या कंपनीचा रिपोर्ट वापरला ते असतं, आणि त्या कंपनीकडून ६० दिवसांच्या आत रिपोर्ट फुकट मागता येतो. मागाच. हा रिपोर्ट नेहमीच्या तीन ब्युरोंचाच असेल असं नाही, भाडेकरूंचं स्क्रीनिंग करणाऱ्या वेगळ्या कंपन्या आहेत आणि त्यांच्याकडे कोर्टातल्या इव्हिक्शनच्या नोंदी असतात. आपल्याकडे पाटील, जोशी, कुलकर्णी, शाह ही आडनावं किती, आणि कोणाच्या तरी भलत्याच नावावरची केस तुम्हाला चिकटलेली निघू शकते. ते दुरुस्त केल्याशिवाय पुढचे अर्ज पण पडतच राहतील.

नकारानंतर लगेच फोन करून विचारा की जादा डिपॉझिट किंवा गॅरंटर दिला तर परत बघाल का. काही ठिकाणी मॅनेजरला तेवढा अधिकार असतो. आणि ॲडमिन फी, होल्डिंग डिपॉझिट परत कधी मिळणार ते ईमेलवर लिहून घ्या, अर्जाची फी जाते पण बाकीचे पैसे बहुतेक ठिकाणी परत येतात, मागावे लागतात.

नवराबायकोपैकी एकाचाच स्कोअर पडला असेल तर विचारा की दोघांचा सरासरी धरता, चांगला धरता की वाईट. प्रत्येक कॉम्प्लेक्सचं वेगळं असतं. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाचं नाव लीझवर लागतं आणि प्रत्येकाचं स्क्रीनिंग होतं हे साधारण ठरलेलं आहे, त्यामुळे एकाला लपवून चालत नाही, पण जिथे चांगला स्कोअर धरतात ती जागा शोधून काढता येते.

किल्ली मिळायच्या आधी वीज

हे टेक्सासला जाणाऱ्यांसाठी, कारण इथे लोक हमखास अडकतात. लीझवर सही झाली तरी किल्ली देताना ऑफिसवाले विजेचा अकाउंट नंबर आणि रेंटर्स इन्शुरन्सचा कागद मागतात. इन्शुरन्स सोपा, पाच मिनिटांत ऑनलाइन मिळतो. विजेचं मात्र तसं नाही, डॅलसच्या बऱ्याच भागात वीज कंपनी तुम्ही निवडायची असते, पॉवर टू चूज ही राज्य सरकारची साइट आहे तिथे सगळे दर बघता येतात, आणि या कंपन्या पण क्रेडिट बघतात. स्कोअर पडलेला असेल तर दोन-तीनशे डॉलर डिपॉझिट मागू शकतात. जुन्या गावातल्या वीज कंपनीकडून वर्षभर बिल वेळेवर भरल्याचं पत्र आणलंत तर ते डिपॉझिट माफ होऊ शकतं, तेव्हा निघायच्या आधी ते पत्र मागून ठेवा. प्रीपेड प्लॅनला डिपॉझिट लागत नाही पण दर जास्त असतो आणि बॅलन्स संपला की वीज जाते, ऑगस्टमध्ये तिथे एसीशिवाय बसवत नाही. फ्रिस्कोच्या काही भागात को-सर्व्ह ही सहकारी कंपनीच आहे, निवडायला काही नाही, त्यामुळे घर पक्कं होताना लीझिंग ऑफिसला विचारून घ्या की इथे वीज कोणाची, आणि किल्लीच्या दिवसाच्या आधी निदान तीन-चार दिवस कनेक्शनची तारीख लावून टाका.